पोकेमॉनची नियमावली

तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत काढलेल्या माणसाने नियमावल्यांविषयी लिहावे, हे ओघानेच आले. खरेदीचे नियम, बदल्यांचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम यांवर मी आजवर पुष्कळ शाई खर्च केली आहे आणि वाचकांनीही ती सोसली आहे. आजची नियमावली मात्र कोणत्याही मंत्रालयाची नाही. ती पोकेमॉन नावाच्या संगणकीय खेळाची आहे, बारा मुलांसाठी केलेली आहे, आणि तिचा मसुदा अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने २०२४ च्या हिवाळ्यात गुवाहाटीच्या आमच्या सरकारी घरी तयार केला. सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली ती, त्याच्याच शब्दांत, "बाबा, तुम्ही दिवसभर हेच तर करता" या कारणास्तव. मानधन अर्थातच नव्हते.

ज्यांच्या घरी या वयाची मुले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. पोकेमॉनचा पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. आज त्यांची संख्या एक हजाराच्या वर गेली आहे. प्रत्येक प्राण्याचे जल, अग्नी, तृण, विद्युत असे एक वा दोन प्रकार असतात. पाणी अग्नीवर मात करते, अग्नी तृणावर, आणि तृण पाण्यावर. खेळाडूने सहा प्राण्यांचा संघ बांधायचा, प्रत्येकाला चार डावपेच शिकवायचे आणि दुसऱ्याच्या संघाशी लढायचे. दोघेही आपापली चाल एकमेकांना न कळू देता एकाच वेळी निवडतात, त्यामुळे समोरचा काय करील याविषयी मी काय समजतो, हे त्याला काय वाटत असेल, असा विचार सतत करावा लागतो. एम.ए.च्या वर्गात गेम थिअरीचे जे तक्ते आम्ही घोकून पाठ केले, ते ही मुले दर अर्ध्या मिनिटाला मनातल्या मनात मांडत असतात.

अडचण अशी की, हजार प्राणी उपलब्ध असले तरी जिंकण्याच्या जिद्दीने उतरलेला खेळाडू त्यांतले वीस-पंचवीसच वापरतो. हा दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे. मूळच्या खेळात टॉरोस, स्नॉरलॅक्स आणि चॅन्सी हे तिघे बहुतेक प्रत्येक कसलेल्या संघात दिसत, आणि मानसिक शक्तीच्या प्राण्यांना तर कोणाचा अंकुशच नव्हता. त्यांच्यावर भारी पडावा असा जो भूत प्रकार, तोच लिहिताना झालेल्या चुकीमुळे त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरला होता. निर्मात्यांनी १९९९ साली अंधार आणि पोलाद हे दोन नवे प्रकार आणून तोल सावरला, आणि २०१३ साली परी हा प्रकार आणून ड्रॅगन मंडळींना वेसण घातली. ह्या झाल्या घटनादुरुस्त्या. त्या वर्षानुवर्षांनी होतात. रोजचा कारभार नियमांवरच चालवावा लागतो.

असा पहिला सुंदर नियम मला मुलाने दाखवला तो १९९७ सालचा, जपानमधल्या निन्टेन्डो कप स्पर्धेचा. प्रत्येक प्राण्याची पातळी ५० ते ५५ च्या दरम्यान हवी, सहांपैकी तीन लढाईत उतरवायचे, आणि त्या तिघांच्या पातळ्यांची बेरीज १५५ च्या वर जाता कामा नये. म्हणजे किमान १५० खर्ची पडल्यावर हाती उरतात पाच. ते पाच एकाच लाडक्याच्या पदरात घाला, नाहीतर तिघांत वाटा. मूटू आणि म्यू या दोघांना सरळ मज्जाव. अंदाजपत्रकाची इतकी सुबक व्याख्या मी वित्त विभागाच्या कोणत्याही परिपत्रकात वाचलेली नाही.

पुढे २००४ पासून स्मोगॉन या नावाने एकत्र आलेल्या खेळाडूंनी आपली स्वतंत्र व्यवस्था उभी केली. त्यांना कोणी नेमलेले नाही, कंपनीने अधिकार दिलेले नाहीत, तरीही जगभरचे हजारो खेळाडू त्यांचे नियम पाळतात. त्यांची वर्गवारी वापरावर ठरते. सरासरी पंधरा लढतींत ज्या प्राण्याशी एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता निम्मी किंवा अधिक, तो पहिल्या वर्गाचा. गणित केले की ही मर्यादा ४.५२ टक्के येते. पूर्वी पंधराऐवजी वीस लढती धरत, तेव्हा ती ३.४१ टक्के होती. या मर्यादेखालच्या प्राण्यांसाठी वेगळा वर्ग असतो आणि त्यात वरच्यांना प्रवेश नसतो. आमच्या फायलींमधल्या टक्केवाऱ्या कोठून आल्या हे विचारले तर 'पूर्वापार' एवढेच उत्तर मिळते. इथे सोळा वर्षांच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर ती काढून दाखवली.

पण माझे कुतूहल जागे झाले ते पुढच्या तपशिलाने. वापर खूप आहे म्हणून स्मोगॉनवाले कोणालाही हद्दपार करीत नाहीत. खेळाच्या सध्याच्या, म्हणजे नवव्या पिढीत ग्रेट टस्क नावाचा हत्तीसारखा प्राणी वापराच्या यादीत सतत अग्रभागी राहिला, तरी त्याच्यावर बंदी आली नाही. याउलट फ्लटर मेनला २०२२ साली, खेळ बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच, बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. ग्रेट टस्क सर्वत्र दिसतो, पण त्याच्याविरुद्ध शहाणपणाने खेळता येते. फ्लटर मेन समोरच्याला पर्यायच उरू देत नव्हता. आपल्याकडे १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने वीस कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला केवळ मोठेपणापायी संशयित ठरवले होते. १९८५ साली ती मर्यादा शंभर कोटींवर गेली, १९९१ साली ती काढूनच टाकली, आणि २००२ च्या स्पर्धा कायद्याने अखेर मान्य केले की वर्चस्व हा गुन्हा नव्हे, वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा. जो भेद कायद्यात उतरायला आपल्याला तेहतीस वर्षे लागली, तो या पोरांना उपजतच कळतो असे दिसते.

असो. आता आमच्या बारा जणांकडे वळतो. ही सगळी मुले दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत काही वर्षे एकत्र वाढली. मग आम्हा आईबापांच्या बदल्यांनी त्यांची पांगापांग केली. आज कोणी चेन्नईला आहे, कोणी लखनौला, कोणी अहमदाबादला, जयपूरला. आम्ही २०२३ पासून गुवाहाटीला. माझ्या मुलाने आजवर पाच शाळा बदलल्या. मराठी तो घरात बोलतो, हिंदी मित्रांशी, आणि ज्या गावाला 'आपले गाव' म्हणावे असे त्याला कोणतेच नाही. सातारा हे माझे गाव, त्याच्या दृष्टीने सुट्टीचे ठिकाण. बदलीच्या सामानात फुटल्याशिवाय आजवर जे काही त्याच्याबरोबर आले, ते म्हणजे दर रविवारचा हा खेळ. शोडाउन नावाच्या फुकट आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रणालीवर ही मंडळी खेळतात, त्यामुळे महागडे यंत्र कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही हा प्रश्न उद्भवत नाही.

पण २०२४ च्या दिवाळीपर्यंत तिथे एकच रडगाणे सुरू झाले. बारा संघांच्या बहात्तर जागांवर जेमतेम वीस जातींचे प्राणी दिसत, आणि जिंकत होते तेच ते तिघे. लखनौची मुलगी, वय वर्षे तेरा, आपल्या आवडीचा पाचिरिसू हा खारीसारखा प्राणी घेऊन दर रविवारी यायची आणि दर रविवारी हरायची. दोन रविवार ती आलीच नाही. "ती गेली की तिचा भाऊ जाणार," मुलगा मला म्हणाला, "मग अहमदाबादवाले दोघे. आठ उरलो की संपलंच, बाबा. खेळ नाही, सगळंच." 'सगळंच' या शब्दावर तो थोडा थांबला. बदलीचा आदेश खिशात घालून घरी येणाऱ्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

त्याचा पहिला विचार असा होता की, स्मोगॉनची वर्गवारी जशीच्या तशी उचलावी. तिथे माझ्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हरकत घ्यावी लागली. ४.५२ टक्क्यांची मर्यादा लाखो लढतींच्या आकडेवारीवर उभी आहे. आमच्या बारांपैकी एकाने जरी एखादा प्राणी घेतला तरी त्याचा वापर ८.३३ टक्के होतो. म्हणजे ज्याला कोणी एकदा शिवेल तो प्रत्येक प्राणी पहिल्या वर्गात जाऊन बसणार, पाचिरिसूसुद्धा. मोठ्या देशाचा नियम छोट्या ग्रामपंचायतीला लावला की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला नोकरीत भेटलेले नाही.

मग बंदी की किंमत, हा प्रश्न आला. मार्टिन वाइट्समन यांचा १९७४ सालचा एक निबंध आम्हाला अभ्यासक्रमात होता. प्रदूषणासारख्या गोष्टीला आळा घालताना प्रमाण ठरवून द्यावे की दर आकारावा, हा त्याचा विषय. अंदाज थोडा चुकला तर जिथे मोठा अनर्थ होतो, तिथे प्रमाण बांधून द्यावे. जिथे थोड्या चुकीने थोडेच बिघडते, तिथे दर लावून निवड लोकांवर सोडावी, असे त्याचे सार मी मुलाला सांगितले. त्याने क्षणभर विचार करून विचारले, "म्हणजे मूटूला बंदी आणि गारचॉम्प महाग?" एका वाक्यात निबंध आटोपला.

त्याप्रमाणे मोजक्या अनर्थकारी प्राण्यांवर बंदी घातली आणि बाकीच्या एकशे वीसांचे दरपत्रक केले. प्रत्येक संघाला साठ गुण. सर्वांत महाग प्राणी अठरा गुणांचा, सर्वांत स्वस्त एका गुणाचा. तीन बडे घेतले की चौपन्न संपले. उरलेल्या सहांत तीन जागा भरायच्या. सुरुवातीचे दर स्मोगॉनच्या वर्गवारीवरून उसने घेतले, पण दर चार आठवड्यांनी ते बदलतील आणि कसे बदलतील हे आधीच लिहून ठेवले: निम्म्याहून अधिक संघांत दिसला तर दोन गुण वाढ, कोणीच घेतला नाही तर एक गुण घट. संयोजकाच्या मर्जीला जागा नाही. चेन्नईच्या मुलाने लिलाव सुचवला होता, आयपीएलच्या धर्तीवर. शास्त्रदृष्ट्या ते अधिक योग्य, हे मी जाणतो. पण बारा मुलांना एकाच वेळी चार तास बसवायचे म्हणजे बारा आयांची परवानगी लागते.

नशिबावर विसंबणारे डावपेच झटपट निकाली निघाले. समोरच्याचा वार चुकण्याची शक्यता वाढवत बसणे आणि तीस टक्के वेळा लागला तर एकाच फटक्यात खेळ संपवणे, ही दोन्ही पूर्वापार निषिद्ध. समोरच्या प्राण्यांना झोपवण्यावर पूर्वी 'एका वेळी एकालाच' अशी मर्यादा होती. नवव्या पिढीच्या मुख्य वर्गात स्मोगॉनने २०२४ साली झोपेचे डावपेचच बंद केले, तेच आम्ही उचलले.

आता पाचिरिसू. त्याचा दर एक गुण लागला, तेव्हा लखनौच्या मुलीने कळवले की स्वस्त झाल्याने तो जिंकणार नाही. अडचण दराची नाहीच. मग तिने जे मांडले ते मी अजून विसरलेलो नाही. २०१४ साली वॉशिंग्टन येथे झालेली जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क यांनी जिंकली, आणि त्यांच्या संघात पाचिरिसू होता. त्या स्पर्धेत दोन्ही बाजूंनी दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. पाचिरिसूचे काम एवढेच की समोरच्यांचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि शेजारच्या सोबत्याला मोकळीक द्यायची. एकास एक लढाईत शेजारी कोणी नसतोच, तर तो वार कोणासाठी झेलणार? तेव्हा निम्मे सामने दोन-दोनचे खेळवा, अशी तिची मागणी होती.

मी कितीतरी गोपनीय अहवाल लिहिले आहेत आणि त्याहून अधिक वाचले आहेत. 'पुढाकाराचा अभाव' असा शेरा मिळालेला एखादा अधिकारी दुसऱ्या कचेरीत गेल्यावर तिथला कणा होतो, हे अनेकदा पाहिले. पण अहवालाच्या नमुन्यात 'शेजारी कोण होते' असा रकाना नसतो. मुलीची मागणी सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाली. विरोध अर्थातच एकास एक सामन्यांत जिंकणाऱ्यांचा होता.

पहिला हंगाम जानेवारीत सुरू झाला आणि दुसऱ्याच महिन्यात गमतीदार प्रकार दिसू लागले. दर वाढू नये म्हणून चार जणांनी आपसांत ठरवून एक उत्तम प्राणी पाळीपाळीने वापरायला सुरुवात केली. मोजमापालाच लक्ष्य केले की मोजमाप बिघडते, हे चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी सांगितले होते. मी मुलाला म्हटले, याला तू संगनमत म्हण किंवा हुशारी, पण नियमात ते बसते. त्यांना रोखले नाही. पाळी चुकवून दगा देणारा त्यांच्यातूनच निघेल असा माझा होरा होता, आणि तो तीन आठवड्यांत निघाला.

खरा कस लागला तो चेन्नईच्या मुलामुळे. त्याने तटबंदीचा संघ बांधला. ब्लिसीसारखे न संपणाऱ्या आयुष्याचे प्राणी, एकदा विष टोचायचे, मग जखमा भरत बसायचे आणि समोरचा कंटाळण्याची वाट पाहायची. एकेक लढत दोन-दोन तास चालू लागली. लहान मुलांना दहा वाजता झोपायला पाठवतात, त्यामुळे ती सामना सोडून देत आणि त्याच्या खात्यात विजय जमा होई. हंगाम ऐन मध्यावर असताना पाच जणांनी ताबडतोब बंदीची मागणी केली आणि संयोजक म्हणून माझा मुलगाही त्यांच्या बाजूला झुकला. चेन्नईच्या मुलाचे म्हणणे एवढेच होते की, मी एकही नियम मोडलेला नाही, एकही गुण जास्त खर्च केलेला नाही. तुम्हाला मी हरवतो आहे एवढाच माझा अपराध.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आमचा बराच वाद झाला. मुलाच्या मते खेळ टिकणे महत्त्वाचे. बाकीचे निघून गेले तर न्याय कोणासाठी? माझ्या मते संघ बांधून झाल्यावर नियम बदलणे म्हणजे मागील तारखेने कर लावणे. आपल्या देशाने २०१२ साली प्राप्तिकर कायद्यात तशी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ साली ती मागे घेतली. मधल्या नऊ वर्षांत सरकारच्या शब्दाची जी किंमत गेली ती कोणत्याही हिशेबात दिसत नाही. मुलगा म्हणाला, "सरकार बंद पडत नाही, बाबा. आमचं पडेल." याला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही पूर्ण उत्तर नाही.

शेवटी मार्ग निघाला तो हिच्या सूचनेतून. पोकेमॉनचा 'प'सुद्धा ठाऊक नसलेल्या माझ्या पत्नीने विचारले की, सामना रात्री आठलाच का? तटबंदी चालू राहिली, संघाला हात लावला नाही. फक्त त्या मुलाचे सामने रविवारी दुपारी दोनला ठेवले आणि प्रत्येक चालीला घड्याळ लावले. त्याने पहिला हंगाम जिंकला. पण दुपारच्या सामन्यांत कोणी झोपायला गेले नाही, आणि त्याचे शेवटचे दोन विजय फार थोडक्यात हुकता हुकता मिळाले. पुढच्या हंगामासाठी सामन्याला कमाल वेळ असावा, हा प्रस्ताव त्यानेच मांडला.

दुसऱ्या हंगामाच्या मसुद्यावर सर्वांत लांब हरकतपत्र आले लखनौहून. मुलाच्या मसुद्यात अकरावे कलम होते, 'संयोजकाचा निर्णय अंतिम राहील'. गणेशोत्सवातल्या रांगोळी स्पर्धेपासून कोट्यवधींच्या निविदांपर्यंत हे वाक्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते वाचलेही जात नाही. तिने वाचले. संयोजक स्वतःच खेळाडू असेल तर काय, असा तिचा एका ओळीचा प्रश्न होता. मुलगा दिवसभर फुरंगटला, आणि संध्याकाळी त्याने कलम बदलले: वादात नसलेल्यांपैकी दोघांची नावे चिठ्ठ्या टाकून काढायची, निर्णय त्यांचा. बंदीची यादी शोडाउन स्वतः तपासू शकते, पण आमच्या गुणांची बेरीज कोणीतरी माणसानेच तपासायला हवी. ते काम तिच्याकडे देण्यात आले.

तिच्या पहिल्याच तपासणीत माझ्या मुलाचा संघ बासष्ट गुणांचा निघाला. गारचॉम्पचा दर आदल्या रात्री चौदावरून सोळा झाला होता आणि त्याने जुनेच दरपत्रक धरले होते. चिठ्ठ्या पडल्या, नावे निघाली चेन्नईच्या मुलाचे आणि अहमदाबादच्या एका मुलीचे. दोघांनी दहा मिनिटांत निकाल दिला की गारचॉम्प वगळून पाच प्राण्यांनिशी खेळावे. जयपूरकराशी तो सामना तो हरला. पुढच्या हंगामासाठीही तपासनीस म्हणून सर्वांनी तिचेच नाव सुचवले आहे. सुधारित दरपत्रक दोन दिवस अगोदर सर्वांच्या हाती मिळावे, या अटीवर तिने होकार कळवला आहे.